जिभांचा पूल

आत्याने निम्मे कपडे पिळून दोरीवर टाकले होते, निम्मे अजून बादलीतच होते. समोरच्या पुलाकडे नजर गेली आणि तिचा हात थांबला. तीन दिवसांच्या पावसानंतर आज उघडीप होती, पण पुलाच्या भिंतीतून थेंबभरही पाणी गळत नव्हतं.

दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. आत्या मात्र गवंड्याची लेक आणि स्वतःही हाडाची गवंडी. तीस वर्षं या पुलाची डागडुजी तिच्याच हातची. पूल बाहेरून दगडी, पोटात नुसती माती आणि खडी. आत मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून बांधणाऱ्याने भिंतीत भोकं ठेवली होती आणि प्रत्येक भोकाखाली एक दगडी जीभ पुढे काढली होती, म्हणजे धार भिंतीपासून लांब पडावी. असा जिभा काढलेला पूल पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

छिन्नी, हातोडी, ओळंबा घेऊन ती पोहोचली. भोकं सिमेंटने चिणलेली. रस्त्याचे नवे साहेब स्वतःचं काम न्याहाळत उभे.

"गळका पूल म्हणून तक्रारी होत्या, आत्या. तुम्ही लेकीकडे गेला होतात ना, तेव्हाच बुजवून घेतली."

"घाम येतो म्हणून कुणी अंगाला गिलावा करतं का, साहेब?"

तिने ओळंब्याची दोरी वजनासकट भिंतीलगत सरळ सोडली. भिंत मधोमध दोन बोटं फुगली होती.

"आज मोकळी केली नाही तर ही भिंत जाईल. वरून दुधाची गाडी जाते."

"जुन्या भिंती वाकड्याच असतात." साहेबांनी वरच्या ओळीतलं एक भोक दाखवलं. "हे फोडा. पाणी निघालं नाही, तर विषय संपला."

आत्याने फोडलं. आत कोरडं ठणठणीत.

"झालं समाधान?"

"हे तुम्ही निवडलंत. आता मी निवडते."

ती हातोडीने एकेक दगड वाजवत खाली आली. ठण, ठण, आणि खालच्या ओळीत एकदम भद्द. तिने छिन्नी टेकवली आणि ओठांत देवाचं नाव घेतलं.

"आता देवाला कामाला लावताय?"

"हाक त्याला, घाव माझा. तुम्ही बाजूला व्हा."

साहेब झाले नाहीत. तिसऱ्या घावाला बूच उडालं आणि मनगटाएवढी गढूळ धार त्यांच्या गुडघ्यांवर आदळली.

ओली पँट पिळत ते म्हणाले, "उरली किती?"

"अकरा. माणसं बोलवा, खालच्या ओळीपासून धरा."

छिन्नी त्यांच्या हातात देऊन आत्या तडक दूधडेअरीकडे निघाली, आजची गाडी लांबच्या रस्त्याने पाठवा म्हणून सांगायला.