खळ दिलेला कपडा

धुळ्याजवळच्या एका सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत दिपमाला नोकरीला होती. तिथल्या टाक्यांच्या तळाशी साबुदाण्यासारखे गाळाचे दाणे साचत. संशोधक ते सोड्याच्या पाण्यात तापवून त्यांची चिकट खळ काढत. त्या खळीत बुडवून वाळवलेला सुती कपडा आगीत काळा पडे, पण पेट घेत नसे. विषारी रसायनांची गरजच नव्हती.

हे पाहिलं आणि दिपमालाला धाकटा भाऊ आठवला. योगेंद्रचा अमळनेरला मांडवाचा धंदा होता. मागच्या साली त्याचा एक मांडव जळाला, आचारी भाजला. तिनं साहेबांना गळ घालून चाचणीसाठी खळ मिळवली. भाऊबहिणीनं अंगणात मिळून पहिले पडदे बुडवले. पुढे दर महिन्याला ती पिंपं पाठवत राहिली. योगेंद्र फोनवर सांगायचा, "अक्का, पडदा, छत, बठ्ठा कपडा बुडवस मी." गिऱ्हाइकांनाही तो बहिणीचं नाव सांगून कामं मिळवायचा.

कापडाचे व्यापारी प्रकाशचंद यांच्या नातीचं, चेलनाचं लग्न निघालं. मांडव योगेंद्रचा. आदल्या दिवशी दिपमाला कौतुकानं बघायला गेली. प्रकाशचंद म्हणाले, "ताई, तो न जळणारा कपडा आम्हाला दाखवा तर खरं!"

योगेंद्र पुढे आला. "अक्का, आज ऱ्हाऊ दे. पाहुणा शेतस."

पाहुण्यांसमोर भाऊ लाजतोय असं वाटून ती हसली. पडद्याची एक पट्टी कापून तिनं बाहेर नेली, चिमट्यात धरली आणि काडी लावली. पट्टी भरकन पेटली. चिमटा टाकून तिनं ती पायानं विझवली.

तिनं योगेंद्रकडे पाहिलं. तो प्रकाशचंदांकडे वळून म्हणाला, "काय सांगू शेठजी, अक्कानं दिलेलं औषधच खोटं निघालं. माझीही फसवणूकच झाली."

दिपमालानं पडदा चाचपला. पडद्यावर खळीचा मागमूस नव्हता, हाताला साधं सूत लागत होतं. पण चारचौघांत भावाला खोटं पाडणं तिला जमेना. "शेठजी, पडद्यांजवळचे दिवे तेवढे काढून घ्या," एवढंच ती म्हणाली.

मांडवामागे तिनं त्याला गाठलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली. खळ गटाराच्या पाण्याची आहे हे मागेच काही गिऱ्हाइकांना कळलं होतं. लग्नात असला कपडा कोण लावणार? त्यानं बुडवणं कधीच थांबवलं होतं, बहिणीचं नाव तेवढं वापरत होता. पिंपं नाल्यात ओतून द्यायचा.

"मग मला सांगायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आत्ता?"

तो मांडवाच्या दोऱ्या आवळायला लागला.

बातमी केंद्रापर्यंत पोचली. दिपमालानं खरं काय ते सांगितलं. साहेबांचा विश्वास बसला, पण बाहेर खळ देणं बंद झालं. अमळनेरात मात्र सगळे तिच्याच नावानं बोटं मोडत होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, योगेंद्र तिला दरवर्षीसारखा माहेरी न्यायला आला. आईनं पाठवलेल्या सांजोऱ्यांचा डबा त्यानं पुढे ठेवला. "लोके इसरी जातीन, अक्का. चाल."

"शेठजींना खरं सांगितलंस?"

"धंदा बसेल माझा."

तिनं त्याला जेवू घातलं, भाच्यांसाठी कपडे दिले. एसटी स्टँडपर्यंत सोडायलाही गेली. बस लागली तसा तो म्हणाला, "आई वाट बघतेय."

"आईला सांग, मी बरी आहे," ती म्हणाली आणि माघारी फिरली. त्या वर्षी ती पहिल्यांदाच आखाजीला सासरी राहिली.