लॅबच्या आपा

कुणी येऊन "झालं" म्हणून सांगितलं, की आपा हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "काय झालं?" आवाजात राग नसे, थट्टाही नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. सांगणारा गोंधळायचा. तो सुटका करून घ्यायला आलेला असायचा आणि आपा त्याला पुन्हा कामापाशी नेऊन उभं करायच्या. कुरकुंभच्या कारखान्यात मी त्यांच्याबरोबर काही वर्षं काढली. त्या काळात "झालं" हा शब्द मी फार जपून वापरायला शिकलो.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर विभागातल्या माझ्या साहेबांनी सांगितलं, "लॅबमध्ये जा, आपांना भेट." मी वडगाव रासाईचा. आमच्याकडे मेंढरं आजोबांबरोबरच संपली होती, पण घरटी एक आप्पा अजून शिल्लक होता. मी लॅबमध्ये शिरून धोतरटोपीतला नसला तरी पांढऱ्या मिशांचा कुणी आप्पा शोधू लागलो. कोपऱ्यातल्या टेबलावरून चष्मा लावलेल्या, पांढऱ्या ॲप्रनमधल्या एक मध्यमवयीन बाई म्हणाल्या, "आप्पा नाही, आपा. मोठी बहीण. बसा कोळेकर." माझं नाव त्यांना आधीच माहीत होतं, आणि पंचविशीही न गाठलेल्या मला त्या अहो-जाहो करत होत्या. सगळ्यांनाच करायच्या. काचेची भांडी धुणाऱ्या मावशींनाही.

आपा दौंडच्या. वडील रेल्वेत गार्ड होते. मुलीला त्यांनी पुण्याला ठेवून एम.एस्सी. केलं, ती मुलगी दौंडला परत आली आणि कारखान्याच्या तपासणी विभागाची प्रमुख झाली. लग्न केलं नव्हतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि धाकटा भाऊ. रमजानच्या महिन्यात दुपारी त्या स्वतः यंत्रापाशी बसायच्या आणि बाकीच्यांना एकदमच जेवायला पाठवायच्या. "आज सावकाश जेवा, मी आहे," म्हणायच्या. आम्हाला संकोच वाटायचा. नंतर कळलं की सगळे गेल्यावर मिळणारी शांतता त्यांना आवडायची.

माझं आणि आपांचं नातं जुळलं ते एका काळ्या पेटीमुळे. तपासणीच्या यंत्रांना जोडलेले जेवढे कॉम्प्युटर लॅबमध्ये होते, त्या सगळ्यांचे निकाल साठवायला नेटवर्कवर एक सामायिक ड्राइव्ह बसवली होती. आत डिस्क, पुढे हिरवे दिवे. तिला सगळे डबा म्हणत. हा डबा मधूनच नाहीसा व्हायचा. म्हणजे पेटी जागेवरच असायची, दिवेही लागलेले असायचे, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लाल फुली यायची आणि त्या वेळी चाललेल्या तपासणीचा निकाल अर्धाच राहून जायचा. थोड्या वेळाने डबा आपोआप परत यायचा. अर्धा निकाल मात्र परत यायचा नाही.

मी तरुण होतो, हाताला घाई होती. पहिल्याच आठवड्यात मी केबल बदलली, स्विचवरची जागा बदलली, कॉम्प्युटरच्या सेटिंगा बदलल्या आणि पेटी बंद करून पुन्हा चालू केली. डबा आला. मी आपांकडे जाऊन म्हणालो, "झालं."

"काय झालं?"

मी केलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं एकदम केलंत, तर कशानं बरं झालं ते कसं कळणार? हे बरं झालेलं नाही कोळेकर, नुसतं गप्प बसलंय."

दोन दिवसांनी डबा पुन्हा गेला. मग आपांनी मला त्यांच्या पद्धतीने काम करायला लावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. थांबणं मला सगळ्यात जड गेलं. असं करता करता एक कारण हाती लागलं. कॉम्प्युटर काही वेळ नुसता राहिला, की वीज वाचवण्यासाठी त्याचं नेटवर्क कार्ड झोपी जायचं आणि डब्याशी असलेली जोडणी तुटायची. ती सोय मी बंद केली. डबा जाणं बरंच कमी झालं. माझ्या साहेबांनी पाठ थोपटली, लॅबमध्ये कुणीतरी भेळ आणली. आपांनीही भेळ खाल्ली, पण हात पुसता पुसता म्हणाल्या, "कमी झालं म्हणजे थांबलं नाही. आणखी काहीतरी आहे."

ते काहीतरी आम्हाला सापडण्याआधीच तो प्रसंग घडला.

लॅबमध्ये संपत नावाचा तपासनीस होता. शिरूरकडचा, बी.एस्सी. झालेला, कंत्राटावर लागलेला. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. कायम व्हायची आशा होती आणि त्यामुळे तो कुणालाही नाही म्हणायचा नाही. त्या दुपारी लहान मुलांच्या तापाच्या औषधात जाणाऱ्या पावडरीची शेवटची तपासणी त्याच्याकडे होती. गाडी भरून गेटपाशी उभी होती. तपासणी संपत आली असतानाच डबा गेला. आलेख गेला, आकडे गेले. मला बोलावणं आलं आणि मी पोचलो तेव्हा प्लँटचे मोठे साहेब लॅबमध्येच उभे होते.

साहेबांनी संपतला सगळ्यांसमोर विचारलं, आकडा पडद्यावर आला होता का? संपत म्हणाला, आला होता. चांगला होता, पास होता. त्याने आकडाही सांगितला.

"मग अडलंय काय?" साहेब आपांकडे वळले. "त्याने पाहिलाय. तो लिहील, तुम्ही सही करा, गाडी सुटू द्या."

आपा संपतपाशी गेल्या. "तुम्ही पाहिलात?"

"व्हय आपा. म्या बघितला."

आपा त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "मी पाहिला नाही. तपासणी पुन्हा करावी लागेल."

साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग इंग्रजीत बोलले. आपा उभ्या राहून ऐकत होत्या. ते थांबल्यावर त्यांनी संपतला नवीन नमुना घ्यायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, निकाल या वेळी डब्यात नको, थेट याच कॉम्प्युटरमध्ये साठवा. गाडी त्या दिवशी सुटली नाही. बंदरावर जहाजात तिच्या मालाची ठरलेली जागा गेली.

निकाल आला. पावडर उत्तम होती. संपतने सांगितलेल्या आकड्याच्या अगदी जवळचा आकडा आला.

दुसऱ्या दिवशी साहेब लॅबच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय निघालं मग शेवटी?"

"चांगलं निघालं," आपा म्हणाल्या. "बरं वाटलं. पण काल मला ते माहीत नव्हतं."

आपांना एवढं शांतपणे बोलताना मी त्याआधीही पाहिलं होतं. पण त्या दिवशी टेबलाखाली त्यांचा हात ॲप्रनचं टोक घट्ट धरून होता.

मुख्य कचेरीतून विचारणा आली. दोष कुणाच्या तरी माथी मारणं भाग होतं. संपतने घाईत कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि निकाल पुसला गेला, असं साहेबांचं म्हणणं पडलं. कंत्राटावरचा माणूस, काढून टाकणं सोपं. आपांनी कळवलं, "लॅबची जबाबदारी माझी आहे, काय करायचं ते माझं करा." तसंच झालं. प्रमुखपद काढून घेतलं आणि त्यांना मागच्या खोलीत बसवलं. जुन्या मालाचे नमुने बाटल्यांत भरून वर्षानुवर्षं ठेवतात, ती खोली. तिला खिडकी नव्हती. संपतचं काय करायचं, ते नंतर बघू असं ठरलं.

मी त्या खोलीत जायचो. काही काम नसलं तरी जायचो. आपांच्या तोंडून तक्रार कधी आली नाही. बाटल्यांवरच्या पुसट चिठ्ठ्या त्यांनी नव्याने लिहायला घेतल्या होत्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "डबा आता कधी जातो?"

मी म्हणालो, बहुतेक माल जायच्या दिवशी. लोक म्हणतात, त्या दिवशी घाई असते, कुणीतरी चूक करतं.

"घाई लॅबमध्ये असते. डब्याला काय कळते घाई?" त्या म्हणाल्या. "माल जायच्या दिवशी कारखान्यात आणखी काय काय चालू होतं, ते बघा. लॅबच्या बाहेर बघा."

मी बाहेर बघायला लागलो. पुढच्या वेळी गाडी लागली, तेव्हा एका कॉम्प्युटरवरून डब्याला सतत हाक मारत राहील अशी व्यवस्था केली, हाकेला उत्तर थांबलं की लॅबमधून मला इंटरकॉमवर कळवायला सांगितलं आणि स्वतः, कुठे आहे ते लॅबला कळवत, विभागाविभागांतून फिरलो. हिशेब विभागात पोचलो. तिथल्या बाईंनी गाडीबरोबर द्यायचे कागद छापायला नवा प्रिंटर चालू केला, आणि त्याच वेळी इंटरकॉम वाजला. डबा गेला होता.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक क्रमांक असतो, घराला असतो तसा. बाहेरून आलेल्या माणसाने तो प्रिंटर बसवताना त्याला नेमका डब्याचाच क्रमांक देऊन ठेवला होता. प्रिंटर फक्त गाडीच्या दिवशी लागायचा, एरवी बंद असायचा. तो जागा झाला की लॅबचे कॉम्प्युटर डब्याच्या ऐवजी त्याचं दार ठोठावत बसायचे. म्हणजे संपतच्या तपासणीच्या दुपारी मोठ्या साहेबांनी निकालाआधीच गाडीचे कागद घाईने काढायला लावले होते, आणि त्याच कागदांपायी निकाल गेला होता.

मी नमुन्यांच्या खोलीत पळत गेलो आणि सगळं सांगितलं. आपांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "मला दाखवा." मी हिशेब विभागात उभा राहिलो आणि त्या लॅबमध्ये जाऊन इंटरकॉम कानाला लावून बसल्या. मी प्रिंटर चालू केला. त्या म्हणाल्या, "गेला." मी बंद केला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आला." त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं, आणि मग पुन्हा. शेवटी त्यांनी मला प्रिंटर बंदच ठेवायला सांगितलं.

"आपा?"

"संपतचा हात लागला नव्हता," त्या म्हणाल्या. "कोळेकर, हे आजच्या आज लिहून द्या. त्यात माझा उल्लेख नको. माझा आला की ते भांडण वाटेल."

मी प्रिंटरला दुसरा क्रमांक दिला आणि अहवाल लिहून दिला. डबा त्यानंतर कधी गेला नाही. संपत राहिला, पुढे कायमही झाला. आपांना परत लॅबमध्ये बोलवावं असं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तरी कुणी बोललं नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईचं दुखणं वाढलं आणि त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला लॅबमधले सगळे आले, मोठे साहेब आले नाहीत. आपांनी प्रत्येकाचा निरोप घेतला, भांडी धुणाऱ्या मावशींचा सगळ्यात आधी. दौंडच्या बसपर्यंत मी त्यांची पिशवी धरली. चढताना म्हणाल्या, "येत जा घरी." मी जात राहिलो. त्या घरी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होत्या, आईचं करत होत्या. माझ्या लग्नाला त्या वडगावला आल्या, तेव्हा माझ्या आईने त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांचा हात सोडलाच नाही.

त्यांची आई गेल्यावर चार-पाच वर्षांतच आपाही गेल्या. आजार लपवायची त्यांची रीत नव्हती, पण सांगत फिरण्याचीही नव्हती. भावाचा फोन आला आणि मी निघालो. कब्रस्तानात पोचलो तर मागच्या बाजूला संपत उभा होता, डोक्याला रुमाल बांधून. तो तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यात लॅबचा प्रमुख झाला होता. भावाने आम्हा दोघांना पुढे बोलावलं. आम्ही माती दिली.

नंतर आम्ही एस.टी. स्टँडवर चहा घेतला. संपत कपाकडे बघतच म्हणाला, "कोळेकर, त्या दिवशी म्या आकडा बघितलाच न्हवता."

मला आधी कळलंच नाही, कुठल्या दिवशी.

"गाडी उभी व्हती तवा. आकडा यायच्या आधीच पडदा गेला. साहेब डोक्यावर उभं. मागच्या मालाचा आकडा तोंडात आला, त्यो बोलून गेलो. माल चांगला निघाला म्हणून लपलं."

"आपांना सांगितलंस कधी?"

"त्यांना त्या खोलीत बसवलं तवा जाऊन रडलो. म्हनलं, साहेबाला खरं सांगतो. त्या म्हनल्या, मला त्याच येळी कळलं व्हतं." पुढचे शब्द त्याने आपांच्याच बोलीत, सावकाश, एकही इकडचा तिकडे न करता म्हटले. "म्हनल्या, 'भ्यालेला माणूस बघितलं म्हणतो, संपत. त्यासाठीच तर पुन्हा तपासायचं असतं. आता तुम्ही जा, यंत्र चालू ठेवून आलात.'"

शिरूरची गाडी लागली. संपतने डोक्याचा रुमाल सोडला, त्याने तोंड पुसलं आणि तो गाडीत चढला. खिडकीशी बसला, पण बाहेर त्याने बघितलं नाही. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.