चौदावा रकाना

सात नंबरच्या खिडकीमागच्या कारकून बाईंना सगळं विद्यापीठ ‘परत बाई’ म्हणत असे. सव्वीस वर्षांत त्यांनी किती अर्ज परत पाठवले याची गणतीच नव्हती. घरी लग्नपत्रिका आली तरी तारीख आणि वार जुळतात का हे त्या आधी तपासत. नवरा कपाळाला हात लावी.

गरीब घरच्या गुणी खेळाडूंना मोफत शिक्षण आणि वसतिगृह देणारी योजना आली आणि बाईंच्या डोक्याचा ताप वाढला. अर्जाच्या चौदाव्या रकान्यात ‘आपल्या अडचणींचे सविस्तर वर्णन करा’ असं छापलं होतं. निवड समिती सगळ्यात आधी बघायची तो हाच रकाना. शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला अर्धा तास उरलेला असताना, लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी एक मुलगी आली. प्रमाणपत्रं सगळी पहिल्या नंबरची. चौदाव्या रकान्यात तीनच शब्द : ‘काही अडचण नाही.’

बाईंचं डोकंच फिरलं.

“अगं, अडचण नाही तर इथे कशाला आलीस?”

“शिकायला.”

“वडील काय करतात?”

“खाणीत होते. अंगावर दगड पडला, तेव्हापासून अंथरुणावरच आहेत.”

“आणि आई?”

“ती नाही. चार वर्षं झाली.”

“मग ही अडचण नाही तर काय आहे?”

“सवय झाली आता. आणि बाबा म्हणतात, घरचं रडगाणं बाहेर गायचं नाही.”

बाईंना तिचा राग आला, तिच्या बाबांचा आला, आणि पोरांना आपली गरिबी सजवून मांडायला लावणाऱ्या त्या रकान्याचा तर सगळ्यात जास्त आला. अर्ज असाच पुढे गेला तर समिती तो बाजूला टाकणार. परत करावा तर उद्या मुदत संपलेली. अर्ज बाहेर सरकवण्यात मुरलेला त्यांचा हात आज पहिल्यांदाच अडला.

त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. “रडगाणं नको गाऊस. उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतेस ते वेळेसकट लिही. एवढं तरी जमेल ना?”

मुलीने उभ्याउभ्याच लिहिलं. चारला उठणे. टाकीवरून पाणी, सहा खेपा. स्वयंपाक. बाबांना उठवून बसवणे, त्यांचं आवरणे. पावणेसातला शाळेसाठी निघणे, नऊ किलोमीटर. ‘बस साडेसहालाच जाते, म्हणून धावत.’ शेवटची ओळ होती : ‘साडेनऊ ते दहा, मोकळा वेळ.’

बाईंनी चष्मा पुसला आणि कागद अर्जाला टाचला. पाच वाजून गेले होते. साहेब डोकावले, “खिडकी अजून उघडीच?”

“माझं घड्याळ मागे आहे,” बाई खेकसल्या.

मुलीचं नाव यादीत लागलं. वसतिगृहाचा अर्ज घेऊन ती पुन्हा सात नंबरवर आली. ‘आवश्यक सोयी’पुढे तिने लिहिलं होतं : ‘जमिनीवर झोपायला चालेल.’

बाईंनी अर्ज झटकन परत सरकवला. “लिही, पलंग! गादी! उशी! दिवा! ‘चालेल’ हा शब्द या खिडकीवर पुन्हा दिसला तर याद राख!”

मुलगी लिहू लागली. उशीपाशी तिचा हात थांबला.

“बाई, मी इथे आले की सकाळी बाबांना उठवून कोण...”

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला नाही. खिडकीतून हात बाहेर घालून तिचं मनगट धरलं.

“ही अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “लिही. हा अर्ज मी परत करणार नाही.”