खुनी बाईचा डबा

कंपनीची बस शेंद्र्याकडे वळली आणि मोबाईलवर दोन शब्द झळकले. दुसरा भाग. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची मैत्रीण दचकली.

"पगार वाढला का गं?"

"त्याहून मोठं!" मी म्हणाले, आणि इअरफोन शोधायला पर्समध्ये हात घातला. मग हात तिथंच थांबला, कारण मी शब्द दिलेला होता.

शब्द दिला होता सासूबाईंना. मागच्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि टीव्ही बघणं बंद झालं. तोवर लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं 'दूध आलं का' आणि 'गॅस बंद केला का' यापुढे गेलं नव्हतं. मी आपलं भाजी निवडता निवडता एक ऑडिओबुक लावलं. साठीची एक विधवा बाई, जेवणाचे डबे पुरवणारी. बोलायला साखर, पण जो डोक्यात गेला त्याच्या डब्यात काहीतरी मिसळून त्याला गुपचूप वर पाठवणारी. पहिला माणूस आडवा झाला तेव्हा मी भीतभीत सासूबाईंकडे पाहिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई नावं ठेवीत होता भाजीला."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. चौथा माणूस मेला तिथं पुस्तक संपलं, आणि सासूबाईंचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला. "अगं, डबा तिथंच राहिला की त्याच्या घरी! बुडाला नाव कोरलेलं असंल. पकडली जाईल ना ती!" वर्षभर त्यांनी त्या डब्याचा घोर लावून घेतला. म्हणून नणंदेच्या दुसऱ्या बाळंतपणाला लासूर स्टेशनला जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला होता. "पुढचा भाग आला तर मी येईस्तोवर ऐकायचा नाय. शब्द दे." आणि मी अगदी तोंड भरून दिला होता.

बस कंपनीच्या गेटाशी पोचेपर्यंत मी पहिलं प्रकरण ऐकून संपवलं होतं.

एकच ऐकू, असं म्हटलं होतं. तीन दिवसांत पुस्तक फस्त! पण काय सांगू, होतंच तसं. बाई नव्या गावात येते. शेजारी राहतो एक निवृत्त पोलीस जमादार, तोही एकटा, आणि तो तिच्या प्रेमात पडतो. एके दिवशी तो दारात उभा. हातात तोच डबा, घासूनपुसून लख्ख, बुडाला तिचं नाव. आणि रिकामा डबा कसा परत द्यायचा, म्हणून त्यात त्यानं स्वतः वळलेले बेसनाचे लाडू. अख्ख्या गावाला जेवू घातलेली ती बाई लाडवांकडे बघत बसते, पण उचलायची काही हिंमत होत नाही. बसमध्ये हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि तेव्हाच मनात चर्र झालं. हे हसू एकटीचं नव्हतं.

सासूबाई परत आल्या. रविवारी दुपारी मेथीच्या चार जुड्या मध्ये घेऊन आम्ही बसलो आणि मी पुस्तक पहिल्यापासून लावलं. नाटक उत्तम वठवलं मी. "अगं बाई!" म्हणून छातीला हात लावला, डोळे मोठे केले. डबा आला तशा सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "आला! आला गं डबा!" मीही ओरडले. लाडवांचं ऐकून तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

मग म्हणाल्या, "बंद कर जरा."

त्यांनी माझ्या पुढ्यातली परात ओढली आणि निवडलेली मेथी बोटांनी खालीवर केली.

"कधी ऐकलंस?"

"काय, आई?"

"गेल्या साली तुझ्या मेथीत काड्याच काड्या राहायच्या. खून जवळ आला की हात चुकायचे तुझे. आज बघ, एक काडी नाय."

सात-आठ ठिकाणी छातीला हात लावला होता मी, आणि पकडलं कशानं, तर स्वच्छ मेथीनं! "बसमध्ये ऐकलं," मी कबूल केलं. त्या रागावतील याची भीती नव्हती. आपण पुन्हा 'दूध आलं का'वर जाणार, ही भीती होती. म्हणून काहीतरी बोलून गेले, "आई, तिनं चार माणसं मारली तरी तुम्ही तिला माफ केलंच ना?"

"तिनं मला शब्द नव्हता दिला," त्या म्हणाल्या आणि परात उचलून आत गेल्या.

मी तिथंच बसून राहिले. स्वयंपाकघरात फोडणी तडतडली, भाकरी थापल्याचा आवाज आला, पण मला हाक आली नाही. अर्ध्या तासानं त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. स्वतःचं ताट न घेताच समोर बसल्या. चेहरा अगदी कोरा. माझा हात काही घासाकडे जाईना.

"खा," त्या म्हणाल्या. "काय नाय टाकलं त्यात."

मी वर पाहिलं. त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. मग आम्ही दोघी अशा हसलो की मला ठसका लागला आणि त्यांनाच पाणी आणायला उठावं लागलं.

"आन् मोबाईल घे इकडं," पाण्याचा तांब्या ठेवत त्या म्हणाल्या. "तिनं लाडू खाल्ला का नाय, ते सांगू नको बरं. लाव."