घरचा गुडघा

माझ्या मेहुण्याइतका काळजीवाहू बाप महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा नाही, आणि त्याला मूलबाळ नाही. त्याची सगळी माया मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत, अंगाच्या उबेइतकं तापमान राखणाऱ्या एका कपाटात आहे. तिथे तो मूळपेशी वाढवतो. मूळपेशी म्हणजे पुढे हाड व्हायचं, चरबी व्हायचं की कूर्चा, हे जिचं अजून ठरलेलं नाही अशी पेशी. तिला गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, व्हायला राजी करणं ही मेहुण्याची नोकरी. दर दोन दिवसांनी पेशींचं गुलाबी पोषक पाणी बदलावं लागतं, म्हणून गावी, कापड्याला, तो दोन दिवसांवर टिकत नाही. स्वतःच्या लग्नात, चौथ्या मंगलाष्टकाला, अंतरपाटाआडून त्याने सहकाऱ्याला फोन लावला होता. "पाणी बदललंस ना?" हे भटजींसह सगळ्या मांडवाने ऐकलं. ज्या पेशी नीट वाढत नाहीत त्यांना तो कपाटाचं दार उघडून रागावतो. "आळशी मेल्यांनो, शेजारचे बघा कुठे पोचले!"

त्याची दुसरी सवय म्हणजे समजावून सांगणे. सपाट बशीत पेशी घावनासारखी पसरते आणि आपण कोण ते विसरते. जेलीत ठेवली तर तिला वर, खाली, चहूबाजूंनी शेजार मिळतो आणि ती अंगात असल्यासारखी वागते. हे त्याने पोलादपूर-महाड एसटीत कंडक्टरला इतकं मन लावून सांगितलं, की कंडक्टर घंटी मारायला विसरला. दोन प्रवासी पुढच्या थांब्यापर्यंत गेले आणि उतरताना त्यांनी शंका विचारल्या. आमच्या घरी त्याने चायना ग्रासच्या जेलीत मोड आलेले मूग अडकवून वाट्या मांडल्या होत्या. समजावून सांगून होईपर्यंत एका पाहुण्यांनी दोन वाट्या संपवल्या आणि "गोडाला कमी हाय" असा अभिप्राय दिला.

या सगळ्याचा परिणाम व्हायचा तिथेच झाला. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे त्याच्या आईचे, गुडघे झिजले. उजवा तर कामातून गेला. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा बसवायला सांगितलं. सासूबाईंनी साफ नकार दिला. घरच्या भाताव्यतिरिक्त दुसरा तांदूळ त्यांनी आयुष्यात शिजवलेला नाही, आणि गुडघ्यालाही त्यांनी तोच नियम लावला.

"घरात पिकतोय ना? मग इकतचा लोखंडी कशाला?"

"आये, तो तयार नाय अजून," मेहुण्याने समजावायला सुरुवात केली.

"मग थांबते. भात काय एका दिसात व्हतंय?"

शेजारच्या ओटीवरून तात्या म्हणाले, "माझा पन डावा लिहून ठेव रे. उजवा चालंल अजून धा वर्सं."

तीन वर्षं त्या थांबल्या. घराच्या सात पायऱ्या त्या बसून-बसून उतरू लागल्या. लावणीला शेतात जायचं बंद झालं. ओटीवरून ओरडून त्या बायकांच्या चुका काढत. मेहुणा दर खेपेला चाचण्या आणि परवानग्यांबद्दल सांगे. त्या शांतपणे ऐकत आणि म्हणत, "तुजं पानी बदलून झालं की बघू."

शेवटी एकदा तो आईला धरून राबापर्यंत घेऊन गेला. राब म्हणजे लावणीआधी भाताची रोपं दाट वाढवतात तो तुकडा. पन्नास पावलांना पाव तास लागला. मी मागून खुर्ची घेऊन चाललो होतो. रोपं वीतभर झाली होती.

"आये, ह्यो राब आज कापला तर रातीला भात शिजंल?"

"येडा झालास काय रे? दाना कुठंय त्यात?"

"माजं पन इतकंच झालंय."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "मंग व्हईल कवा?"

"तुज्या वेळंला नाय व्हायचा, आये."

कोणत्याही प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपवताना मी त्याला प्रथमच पाहिलं.

"आदी सांगायचंस," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं उगाच बसून उतरले."

ऑपरेशन मुंबईत ठरलं. त्याआधी सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, की काढलेल्या गुडघ्याचं काय करता? टाकून देतो, असं उत्तर आल्यावर त्या उठून बसल्या. "टाकता? बियानं कोन टाकतं? पोराच्या कामाला द्या." रीतसर संमतीपत्र आलं आणि त्यांनी सही केली. नियमाप्रमाणे नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. कोणता आकडा कुणाचा, हे प्रयोगशाळेत कुणालाच कळत नाही, मेहुण्यालाही नाही.

सासूबाई आता पायऱ्या उभ्याने उतरतात आणि बायकांच्या चुका बांधावर जाऊन काढतात. आठवड्यातून दोनदा फोन करून विचारतात, "माजं रुजलं का रे?" तो सांगतो, "रुजलंय."

मागच्या महिन्यात मी त्याच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. त्याने कपाट उघडलं, एकेक बशी उजेडाला धरून पाहिली. दोन बशांत काहीच वाढलेलं नव्हतं. मी रागावण्याची वाट पाहिली. त्याने त्यांचं पाणी बदललं आणि त्या परत जागेवर ठेवल्या.

"यांना काही बोलला नाहीस?" मी विचारलं.

"यात आई कोणती ते कळत नाही, दाजी," तो म्हणाला. "म्हणून हल्ली कुणालाच बोलत नाही." आणि त्याने कपाटाचं दार आवाज न करता लावलं.