शेवंताअक्काची शुद्ध मराठीतील माफी

"नाना, अक्कांच्या नावाने चार ओळींची माफी लिहून द्या. शुद्ध मराठीत पाहिजे. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकायची आहे."

हा निरोप मला कार्यालयात आला, तेव्हा मी मार्चअखेरच्या कामात बुडालो होतो. निरोप पाठवणारे अक्काचे जावई, बी. के. त्यांचे खरे नाव भटू. जळगावात बंगला बांधल्यापासून त्या नावाला ते ओ देत नाहीत. अक्का म्हणजे शेवंताबाई, माझी थोरली चुलत बहीण. ती धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात राहते.

मी पाइपच्या कारखान्यात हिशेब खात्यात आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. लिहिणे नीटनेटके, म्हणून नातेवाइकांत कोणालाही अर्ज, निमंत्रण, श्रद्धांजली हवी असली की माझी आठवण येते. पण ज्या बाईने काही गुन्हा केला नाही तिच्या नावाने माफी लिहिण्याचे काम पहिल्यांदाच आले होते. मी फोन उलटा करून ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझे डोके तापलेलेच होते.

अक्काने काय केले होते? फोनवर एक गाणे म्हटले होते.

आमच्या खानदेशात लग्नात व्याह्यांना शिव्या देतात, अहिराणीत त्यांना गाया म्हणतात. खऱ्या नव्हे, गाण्यातल्या. हळदीच्या दिवशी मुलाकडची मानाची माणसे वरण-बट्टीच्या पंगतीला बसली की मुलीकडच्या बायका त्यांच्यासमोर उभ्या राहतात आणि एकेकाचे नाव घेऊन अहिराणीत त्याची टर उडवतात. कोणाचे टक्कल, कोणाचा कंजूषपणा, कोणाची चाल. ज्याचे नाव येईल त्याने घास थांबवायचा, हसायचे, आणि आपल्या बाजूच्या बाईला इशारा करायचा की दे हिला उत्तर. यात एक नियम आहे, तो कोणी सांगत नाही पण सगळ्यांना ठाऊक असतो. शिवी फक्त आपल्या माणसाला. परक्याला मान, पाणी आणि पानसुपारी.

अक्का या गाण्यांची राणी. आसपासच्या गावांत लग्न ठरले की पत्रिकेआधी अक्काला निरोप जायचा. ती पंगतीत बसलेल्यांची नावे एकदा ऐकायची आणि जागच्या जागी ओळी जुळवायची. शाळा चौथीपर्यंत. पण तिच्या गाण्यात नाव आले नाही म्हणून रुसून बसलेले मामा-मावसे मी पाहिले आहेत.

तिच्या एकुलत्या एक मुलीच्या, दीपमालाच्या लग्नात मात्र तिला गाता आले नाही. त्याच साली भाऊजी गेले होते. दुखवट्यातली बाई पंगतीपुढे नको, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले. अक्का मागच्या खोलीत भाकरीच्या पिठापाशी बसून राहिली. पुढे दुसऱ्याच बायका बेसूर गात होत्या आणि ती आतून ओळ सांगत होती. त्यानंतर ती सगळ्यांच्या लग्नांत गायली. पण दीपमालाची मुलगी मृणाली जन्मली तेव्हापासून तिचे एकच म्हणणे होते, "इना लगीनमा मी म्हनसु. तठे माले कोनी मांगे बसाडाना नही." तिथे तिला कोणी मागे बसवणार नव्हते.

मृणालीचे धुळ्याच्या हितेंद्रशी जमले. दोघेही पुण्यात नोकरीला. हितेंद्रच्या वडिलांनी, प्रेमराज यांनी, दोन्ही घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. प्रेमराज बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली एक सुविचार टाकत. खाली आमच्या बी. के. चे हात जोडलेले. मग कोणाचा अंगठा, कोणाचे फूल. धुळ्याची नि जळगावची ही सगळी माणसे अहिराणी आईच्या मांडीवर वाढलेली. पण ग्रुपवर एकाच्याही तोंडून एक अहिराणी शब्द निघत नव्हता. तिथे सगळे "आपले विचार अत्यंत प्रेरणादायी आहेत" असे बोलत.

मृणालीने आजीला ग्रुपमध्ये घेतले. अक्काला लिहिता येत नाही असे नाही, पण तिला ते बारीक बटणांचे काम पटत नाही. ती माईकचे चित्र दाबून बोलते. मृणालीशी तिचे रोजचे बोलणे असेच चाले. "हा, मृणाले, आयकस का? काय खादं वं? ते बाहेरनं खाऊ नको. पोट भरीसन जेव."

साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने ग्रुपवर पहिल्यांदा बोटाने माईक दाबला आणि व्याह्यांना पहिली शिवी दिली.

"प्रेमराज याही वना, मिशीले लायं तूप,
घरमा कुत्रं इचारे नही, मांडवमा दखाडे रूप."

आणि खाली स्वतःच खळखळून हसली, तेही त्यात आले. याही म्हणजे व्याही, वना म्हणजे आला. अक्काने त्यांना आपले मानले, याची ही पावती होती. धुळ्याकडून कोणीतरी उत्तर द्यायचे, मग तिने पुन्हा, असे लग्नापर्यंत चालावे हा तिचा बेत.

उत्तर आले नाही. हितेंद्रच्या मावसभावाने तो आवाज उचलला, त्यावर नाचणाऱ्या कोंबडीचे चित्र लावले, "गावठी आजी रॉक्स" असे लिहिले आणि इन्स्टाग्रामवर टाकला. दोन दिवसांत तो सगळीकडे फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिले ते मी इथे देत नाही. "ही कुठली भाषा?", "अशा सासरवाडीपासून देव वाचवो", हे त्यातल्या त्यात सभ्य. लिहिणाऱ्यांची आडनावे पाहिली तर निम्मे शिरपूर, साक्री, अमळनेर इकडचेच.

प्रेमराज यांनी पोराला रागावले नाही. त्यांनी बी. के. ना फोन केला. "आमच्या जुन्या ऑफिसच्या लोकांनी पाहिलं. घरातलं कुत्रंसुद्धा विचारत नाही म्हणतात. काय इज्जत राहिली? अक्कांनी ग्रुपवर माफी मागावी. आणि लग्नात हे असले प्रकार नकोत. आम्ही डीजे सांगितलाय."

ही सगळी हकीकत दीपमालाने मला फोनवर रडत रडत सांगितली.

माझा राग आणखी एका कारणाने वाढला. आमच्या कारखान्यातून ठिबकच्या नळ्या नायजेरियाला जातात. तिथला ओबिन्ना नावाचा व्यापारी इग्बो समाजाचा आहे. तो प्रत्येक संदेशाची सुरुवात त्याच्या भाषेत करतो, केदू, म्हणजे कसे आहात. आमच्या निर्यात विभागातली पोरे त्याला दालू, दालू करत आभार मानतात, उच्चार नीट यावा म्हणून व्हिडिओ पाहून शिकली आहेत. का शिकणार नाहीत, ऑर्डर मोठी असते. एकदा ओबिन्ना म्हणाला होता की लागोसमध्ये वाढलेली त्याची मुले आजीच्या इग्बो निरोपाला इंग्रजीतून उत्तर देतात आणि आजी फोन ठेवून देते. आमची पोरे तेव्हा च्‌ च्‌ करत होती. तीच पोरे त्या दुपारी कॅन्टीनमध्ये कोंबडीचा व्हिडिओ लावून टेबल बडवत होती.

"ती माझी बहीण आहे," मी म्हणालो.

एक जण म्हणाला, "सर, सॉरी. पण फनी आहे ना."

"तुझी आजी कुठली भाषा बोलते?"

तो पारोळ्याचा. त्याने मोबाइल खिशात घातला.

रविवारपर्यंत थांबा असे बी. के. ना कळवून मी रविवारी गावी गेलो. माफी लिहायची नाही, अक्कानेही मागायची नाही, हे मी बसमध्ये पक्के केले होते. भांडण झाले तर भांडण. अक्का ओट्यावर तुरी पाखडत होती.

"काय व्हयनं जीवराम, तोंड काबर उतरेल शे तुनं?"

मी सगळे सांगितले. इन्स्टाग्राम म्हणजे काय तेही सांगितले. तिने तो व्हिडिओ दाखवायला लावला. पूर्ण पाहिला. कोंबडीपाशी तिचे सूप थांबले.

"हाऊ मना आवाज शे?"

"हो."

"आन हसतस कोन? आपलाच?"

"आपलेच."

मी म्हणालो, "अक्का, तू माफी मागायची नाहीस. मी प्रेमराजला चांगले पत्र लिहितो. चार गोष्टी सुनावतो."

"कसाले सुनावस? माफी मागानी शे ना? लिख."

"अक्का!"

"लिख म्हनस ना. तू कारखानामा गिऱ्हाईकले लिखस, तसं लिख. आदरणीय बिदरणीय बठ्ठं घाल." तिचा आवाज चढला नव्हता, पण मला लहानपणापासूनचा तिचा राग ठाऊक आहे. तो थंड असतो तेव्हा जास्त असतो. "आपला समजीसन गाया दिध्यात. त्यासले नको शेतस, तं नको. आते परका समजसु."

"आणि मृणालीच्या लग्नातलं गाणं?"

तिने सूप जोरात आपटले. "परकासना पुढे कोन गास रे?"

मी लिहिले. "आदरणीय श्री. प्रेमराजजी, माझ्याकडून आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी आपली मनःपूर्वक क्षमा मागते. विवाहसमारंभात आपल्या सर्वांचा यथोचित सन्मान राखला जाईल. आपली नम्र, शेवंताबाई." अक्काने ते दोनदा वाचून घेतले. मग म्हणाली, "ब्येस. टाक."

प्रेमराजांनी हात जोडले. बी. के. नी फुले टाकली. "मनाचा मोठेपणा!" असे कोणीतरी लिहिले. त्या माणसांना कळलेच नाही की त्यांना काय म्हटले गेले आहे. मृणालीने मात्र पुण्याहून आजीला फोन केला. आजी गाणार नसेल तर मी हळद लावून घेणार नाही, म्हणाली. अक्काने तिला गप्प केले.

हळद जळगावच्या एका लॉनवर झाली. डीजे दुपारपासूनच दणाणत होता. मानाची पंगत मात्र रिवाजाप्रमाणे खाली बसली. प्रेमराज, त्यांचे भाऊ, दोन मामा, आणि त्यांच्या मधोमध त्यांची आई ताईबाई. ऐंशीच्या पुढची, काठी बाजूला ठेवून मांडी घालून बसलेली. ती फोन वापरत नाही. या प्रकरणातले तिला कोणी काही सांगितले नव्हते.

अक्का स्वतः तूप वाढत होती. "घ्यावं." "अजून थोडं?" "संकोच करू नये." जळगावच्या कलेक्टरीणबाईनेही इतके स्वच्छ बोलू नये. बायका मागे घोळक्याने उभ्या होत्या आणि अक्काकडे बघत होत्या.

ताईबाईने बट्टी कुस्करली, वरण ओतून घेतले, आणि घास हातातच ठेवला. "बंद करा रे ते ढमढम!" डीजे थांबला. "गाना कोठे शेतस? आमले काय तेरावाले बसाडं शे का?"

दीपमाला हळूच म्हणाली, "आजी, गाण्यांचं राहू दिलं यंदा. अक्काने माफी मागितली ना ग्रुपवर."

"कसानी माफी?"

"माय, ते झालं आता. सोड ना," प्रेमराज म्हणाले.

"तू चूप. पोरी, वाच."

दीपमालाने फोन काढून माफी वाचली. ताईबाई ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा बदलत गेला. 'यथोचित सन्मान' आले तेव्हा तिने घास परत ताटात टाकला.

"हाई माफी शे? तिनी आमले परकं करं, गाढवा! तुना बापले गाया भेटन्यात, तुना आजलाले भेटन्यात. तुलेच कसानी लाज वाटनी रे?"

ताईबाईने अक्काकडे पाहिले. अक्का तुपाचे भांडे घेऊन तशीच उभी. मग त्या म्हातारीने, मुलाकडच्या बाजूने, सगळा रिवाज उलटा करून, स्वतःच पहिली ओळ टाकली. आवाज चिरका, पण पल्लेदार.

"शेवंता याहीन बठनी मुकी,
जशी घट्टीमा तुटेल खुटी."

मुक्या याहिणीला जात्याचा तुटलेला खुंटा म्हटले होते. बायकांत हसू फुटले, पण दबकत. सगळ्यांचे लक्ष अक्काकडे. हळदीने पिवळी झालेली मृणाली मांडवाच्या खांबाला धरून उभी होती.

अक्काने भांडे खाली ठेवले.

"ताईबाई, तुले म्हनसु," ती म्हणाली. "तू मांगी लिधं म्हनीसन. बाकीनासनं मी दखसु."

म्हातारीने मागून घेतले म्हणून तिला; बाकीच्यांचे ती बघणार होती. आणि तिने पदर खोचला.

"ताईबाई याहीन वनी, पायमा नही जोडा,
मिरवत वनी मांडवमा, गधडाले म्हने घोडा!"

ताईबाई टाळी देऊन हसली. मागच्या बायकांनी ओळ उचलली. पोरी फोन काढून उभ्या राहिल्या, पण या वेळी कोणी कोंबडी लावणार नव्हते. अक्का पंगतीवरून सरकू लागली. थोरल्या मामाचे पोट घेतले, धाकट्याची बायकोला भिण्याची खोड. चुलत्यांचे टक्कल. तो इन्स्टाग्रामवाला मावसभाऊ कडेला उभा होता, त्याला दोन ओळी अशा बसल्या की त्याचे कान लाल झाले, आणि तरीही तो हसला. नाव आले की एकेकाची छाती फुगत होती. मृणाली रडत होती आणि गातही होती.

प्रेमराजांची पाळी आली तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. तयार होऊन बसले. अक्काने त्यांच्याकडे पाहिले, आणि पुढच्या पानावर गेली. पुढच्या, त्याच्या पुढच्या. पंगतीचे टोक आले.

मी पाणी वाढत होतो. त्यांनी माझा हात धरला.

"नाना, माझं नाव राहिलं वाटतं अक्कांकडून."

"राहिलं नाही," मी म्हणालो. "गाळलं."

त्यांनी अक्काला हाक मारली. अर्धी हसत, अर्धी विनवणीची. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा अहिराणीतून. "अक्का, माले बी म्हना ना काही!"

अक्का तुपाचे भांडे घेऊन त्यांच्यापुढे वाकली.

"आपण जेवावं, प्रेमराजजी," ती म्हणाली. "आणखी तूप वाढू का?"

त्यांच्या पानातली बट्टी तशीच राहिली. मला त्यांची दया आली नाही.