थेंबभर ग्लू

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवणाऱ्या बायकांकडे तर ते आपोआप साठतात, कारण हात कामात अडकलेले आणि तोंड मोकळं! घाटकोपरच्या डोंगरावर माझ्या खोलीत आम्ही तिघी रोज बसायचो. मी, वरच्या गल्लीतली मालवणी काकी आणि समोरची सुनंदा. सुनंदाच्या नवऱ्यानं, वसंतनं, पिऊन पिऊन लिव्हरची वाट लावलेली. तो जगतो की जातो, हा घोर तिच्या जिवाला कायमचा.

*

काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एक दिवस तिनं औषध समजून डोळ्यात खडे चिकटवायचा ग्लूच सोडला! बाटल्या सारख्याच, आणि चष्मा डोक्यावर. मी किंचाळले, "ओढू नका पापणी, पाणी मारा!" रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी ओढाताण केली नाही, मलम दिलं. काही दिवसांनी पापण्या आपोआप सुटल्या, नजर वाचली.

मी देवाला नारळ फोडला. काकी म्हणते कशी, "इतके दिस सुनेचा तोंड दिसूक नाय, बरा वाटला गो!"

*

ग्लू खरवडून खरवडून आमच्या बोटांची सालं निघतात. रेशनच्या दुकानात मशीन माझा अंगठाच घेईना. दुकानदार ओरडला, "मावशी, तुम्ही नक्की तुम्हीच ना?"

हे ऐकून काकीचा पोलीस भाचा हसायला लागला. चोराच्या हाताचे ठसे दिसत नसले की म्हणे ह्याच ग्लूची वाफ देतात, मग ते पांढरे उठून दिसतात. सुनंदानं मान वरसुद्धा केली नाही. "चोरांचे उठतात आणि आमचे पुसतात. झकास!"

*

एकदा वसंतनं तांब्या फेकून मारला. सुनंदाचं कपाळ फुटलं. हॉस्पिटलात ती "पडले" म्हणाली. डॉक्टरीण तरुण होती, बोलकी. टाके न घालता तिनं ग्लूनं जखम बंद केली.

"हा तर आमच्याकडे डबाभर आहे!" सुनंदा म्हणाली.

"तो लावू नका हं, हा औषधाचा वेगळा असतो." मग तिनं अख्खी गोष्टच सांगितली. महायुद्धात बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे रसायन सापडलं. जिथंतिथं चिकटतं म्हणून बाजूला टाकून दिलं. पुढं दुसऱ्या एका लढाईत जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला तेच फवारलं.

"मग बरोबर आहे," सुनंदा म्हणाली. "लढाई आमच्याकडे रोजच असते."



*

मग एका सकाळी वसंतला रक्ताची उलटी झाली. मोरीभर रक्त! दुर्बीण घालून पोटातल्या फुटलेल्या शिरेत डॉक्टरांनी ग्लू सोडला, तेव्हा कुठं ते थांबलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा प्यायले तर आमच्या हातात काही नाही."

"मग साहेब, तोंडालाच लावा ना थोडा!" सुनंदा म्हणाली. ती हसत नव्हती.

*

तोंडाला नाही, तिनं तो झाकणाला लावला. वसंतनं लपवलेली क्वार्टर तिला सापडली होती. ओतून दिली असती तर मार बसला असता, म्हणून झाकणच चिकटवून ठेवलं.

वसंत माझ्या दारात आला. चिकटलेली बाटली हातातच. "वहिनी, पकड आहे का घरात?" ओट्याखालीच होती. मी नाही म्हटलं. राग आला होता आणि कीवही येत होती मेल्याची.

त्यानं पायरीवर बाटलीची मान फोडली आणि चहाच्या गाळणीनं काचा गाळून तो दारू प्यायला.

सुनंदा मला एवढंच म्हणाली, "गाळणी नवीन होती गं."

*

त्याच आठवड्यात वसंत गेला. शवागारात सुनंदाबरोबर मीच होते. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. तिथल्या माणसानं दोनदा हातानं मिटले, परत उघडले. मग त्यानं फळीवरून एक छोटी बाटली काढली.

"ताई, पापणीला थेंबभर ग्लू लावतो. असे राहिले की लावतोच आम्ही. घरची माणसं घाबरतात ना."

सुनंदानं त्या माणसाचा हात धरला.

"नको दादा, राहू देत उघडे. शुद्धीत असताना ह्यांनी माझ्याकडे कधी बघितलंच नाही."